विश्लेषण : लांबच्या प्रवासासाठी ‘जीपीएस’ निवडताना उपग्रह मोजायचे की नकाशाचे वय?

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. लग्नाला निघालेली ही मंडळी मोबाइलवरचा नकाशा दाखवेल त्या रस्त्याने जात होती. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र पूल शाबूत होता. या प्रकरणाच्या गुन्ह्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांबरोबर गूगल मॅप्सच्या एका अधिकाऱ्याचाही समावेश करण्यात आला.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात रात्रीच्या अंधारात थेट पाण्यात गेली. कोतूळहून अकोल्याकडे जाणारा तिथला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे बाहेर पडले, चालकाचा बुडून मृत्यू झाला. त्या दिवसांत पूल पाण्याखाली असतो हे परिसरातल्या गावकऱ्यांना ठाऊक होते. मोबाइलला ठाऊक नव्हते.

सुट्ट्या लागल्या की ‘प्रवासासाठी चांगला जीपीएस कोणता घ्यावा’ हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तरात बहुधा पडद्याचा आकार, बॅटरी आणि उपग्रहांची नावे येतात. वरच्या दोन्ही अपघातांत यातले काहीच कमी पडले नव्हते.

उपग्रह नेमके काय सांगतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि आपले स्थान सतत प्रसारित करत असतात. आपल्या हातातले यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश पकडते, ते पोहोचायला किती वेळ लागला हे मोजते आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते काढते. संवाद एकतर्फी असतो. आकाश मोकळे असेल तर साध्या मोबाइललाही हे स्थान साधारण पाच मीटरपर्यंत अचूक मिळते. उंच इमारतींच्या गल्ल्यांत किंवा खोल दरीत संदेश आपटून परावर्तित होऊन येतात आणि चूक वाढते. दोन वारंवारिता पकडणारे मोबाइल अशा ठिकाणी सरस ठरतात. मोबाइल घेणारच असाल तर एवढे तपशील पाहून घ्यावेत.

पण उपग्रहाला रस्ता माहीत नसतो. तो फक्त अक्षांश-रेखांश मिळवून देतो. त्या बिंदूखाली कोणता रस्ता आहे हे नकाशा सांगतो आणि कोणत्या रस्त्याने जावे हे आज्ञावली ठरवते. घात होतो तो या दोन टप्प्यांवर. अकोल्यात यंत्राने गाडीची जागा बिनचूक सांगितली असणार. त्या जागी पुढे पाणी आहे हे सांगणारी नोंद नकाशात नव्हती.

वाहतुकीची ताजी माहिती देणारी अॅप त्या रस्त्यावरून जाणाऱ्या इतर मोबाइलच्या वेगावरून अंदाज बांधतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर हे उत्तम चालते, कारण तिथे मिनिटाला शेकडो मोबाइल धावतात. आडवळणाच्या घाटरस्त्यावर दिवसाला चार गाड्या जात असतील आणि आज एकही गेली नसेल, तर रस्ता बंद आहे की नुसता निर्मनुष्य, हे ओळखणे अवघड. मोकळा दिसणारा रस्ता मग ‘वेळ वाचवणारा’ म्हणून पुढे केला जातो. जिथे मदतीची सर्वाधिक गरज, तिथेच माहिती सर्वांत तुटपुंजी.

मोबाइल, गाडीतला पडदा की वेगळे यंत्र?

काचेला चिकटवायच्या वेगळ्या यंत्रांचा जमाना खरे तर २००९ मध्येच उतरणीला लागला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने मोबाइलवर वळणावळणाचे मार्गदर्शन फुकट देण्याची घोषणा केली आणि गार्मिन व टॉमटॉम या कंपन्यांचे समभाग एका दिवसात आपटले. आज भारतात सामान्य मोटारीसाठी असे यंत्र घेण्याचे कारण फारसे उरलेले नाही. अपवाद आहेत : दुचाकीवरून लडाख-स्पितीला जाणाऱ्यांना पाऊस, धूळ आणि हातमोजे सोसणारे यंत्र लागते आणि गिर्यारोहकांना बॅटरी दिवसेंदिवस पुरवून वापरायची असते.

गाडीतच बसवलेल्या प्रणालीचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. अशा अनेक प्रणाली चाकांचा वेग आणि गाडीचे वळणेही मोजतात. त्यामुळे उपग्रह दिसत नसतानाही त्या गाडीची जागा बऱ्यापैकी सांगू शकतात. समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरी-कसारा दरम्यानच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात हा फरक जाणवतो. तोटा मात्र मोठा आहे. तिचा नकाशा अनेकदा गाडी विकत घेतली त्या काळातच अडकलेला असतो, आणि इंटरनेटवरून अद्ययावत होणारी सेवा असली तरी ती बऱ्याच गाड्यांत सुरुवातीची काही वर्षेच फुकट असते.

विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा एक सोपी परीक्षा घ्यावी. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. गाडीच्या पडद्यावर तो शोधा. दिसत नसेल तर ती प्रणाली तुम्हाला कसारा घाटात उतरवणार, किंवा नव्या रस्त्यावर गेलात तर गाडी माळरानातून चालल्याचे दाखवणार. आपल्या गावाजवळचा नवा बाह्यवळण रस्ता किंवा उड्डाणपूल घेऊनही हेच करता येईल. एका मिनिटात नकाशाचे वय कळते.

राहिला मोबाइल. बहुतेकांसाठी तोच योग्य, पण त्यात एकच अॅप ठेवणे ही चूक. गूगल मॅप्सकडे गर्दीची माहिती उत्तम आहे, तर मॅपमायइंडियाच्या मॅपल्समध्ये गुंतागुंतीच्या चौकांची त्रिमितीय चित्रे दिसतात. निघण्यापूर्वी दोन्हींत मार्ग काढून पाहावा. दोघे वेगळे रस्ते दाखवत असतील तर त्या फरकाचे कारण शोधण्यात घालवलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत. वाहनाचा प्रकारही नीट निवडावा : समृद्धीवर आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, आणि मोटारीचा पर्याय निवडून बसलेल्या दुचाकीस्वाराला अॅप खुशाल तिकडे नेईल.

रेंज गेली तर जीपीएस जातो का?

नाही. हा समज बराच पसरलेला आहे. ताम्हिणीत किंवा माळशेजमध्ये रेंज गेली तरी उपग्रहाचे संदेश येतच असतात. जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने उतरत असतो. म्हणून त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावा. गूगलच्या उतरवलेल्या नकाशात मोटारीचा मार्ग मिळतो, पण वाहतूककोंडीची माहिती आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही अॅप ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून तयार झालेल्या नकाशावर चालतात आणि इंटरनेटविना वापरण्यासाठीच बनलेली आहेत. उन्हाळ्यात काचेमागे ठेवलेला मोबाइल तापून पडदा मंद करतो; त्यामुळे तो एसीच्या झडपेजवळ लावणे बरे.

‘नाविक’चे काय?

‘नाविक चालते’ ही जाहिरात पाहून मोबाइल निवडण्याची सध्या गरज नाही. भारताच्या या स्वदेशी प्रणालीला उपग्रहांची टंचाई भेडसावत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार स्थाननिश्चितीची सेवा देणारे उपग्रह चारच होते. मोबाइल जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि नाविक यांचे संदेश एकत्र वापरू शकतो, त्यामुळे नाविक असणे हा जोडीचा लाभ, इतकेच.

परदेशातून यंत्र मागवणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. केवळ संदेश पकडणारा जीपीएस आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे गार्मिन इनरीचसारखे यंत्र यांत कायद्याने मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला भारतात दूरसंचार विभागाची परवानगी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये असे यंत्र जवळ बाळगल्यावरून एका कॅनेडियन महिलेला गोव्याच्या दाबोळी विमानतळावर ताब्यात घेण्यात आले होते. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून भेट म्हणून मागवण्याआधी हे माहीत असलेले बरे.

गाडी चालवताना मोबाइल वापरण्याबाबतचा नियमही ऑक्टोबर २०२० पासून बदलला आहे. मार्ग पाहण्यासाठी वापर चालतो, पण चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे मोबाइल स्टँडवर, आवाज सुरू आणि पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकलेला.

बंद रस्त्याची खबर कोण देणार?

पावसाळ्यात भोर-महाड दरम्यानचा वरंध घाट वाहतुकीसाठी बंद ठेवल्याचे आदेश जिल्हा प्रशासन वेळोवेळी काढते. आदेश वृत्तपत्रांत येतो, व्हॉट्सअॅपवर फिरतो, घाटाच्या तोंडाशी कधी फलक लागतो. नकाशा कंपनीपर्यंत तो पोहोचतो की नाही, हे बरेचदा कोणा प्रवाशाने अॅपमध्ये ‘रस्ता बंद’ अशी नोंद केली का, यावर अवलंबून असते. ही सोय गूगल आणि मॅपल्स दोन्हींत आहे. तुम्ही बंद रस्त्यावरून परत फिरलात तर गाडी बाजूला घेऊन ती नोंद करा. आणि घाट चढायचा असेल तर आदल्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा ताजा आदेश शोधा, किंवा भोरच्या बाजूने शेवटचे पेट्रोल भरताना पंपावर विचारा. तिथल्या माणसाला रस्ता सुरू आहे का ते माहीत असते, कारण सकाळपासून त्याच्याकडे परत फिरलेल्या गाड्या आलेल्या असतात.