फिरतीवरच्या माणसाची जीभ

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एका माजी विद्यार्थ्याने पाठवलेले लेखन आम्ही परत केले होते. आम्ही दोघेही मराठी शिकवतो आणि अंकाचे संपादन आळीपाळीने आमच्याकडेच येते. त्यामुळे त्या निर्णयाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलण्याची सोय नाही. हा विद्यार्थी मराठी घेऊन बी.ए. झाला, एका औषध कंपनीत एम.आर. म्हणून लागला आणि महिन्यातले पंधरा-अठरा दिवस सोलापूर, लातूर, नांदेड असा फिरू लागला. त्याने पाठवलेल्या चौदा पानांना शीर्षक होते ‘कुठे काय खावे’. आम्ही ती पाने हसत वाचली, एकमेकांना दाखवली आणि ‘यात याद्या आहेत, अनुभूती नाही’ असा शेरा मारून परत पाठवली.

तो शेरा चुकीचा होता, असे आज आमचे मत आहे. आणि ती चूक आमच्यापुरती नसून मराठीच्या अध्यापनात व समीक्षेत मुरलेल्या एका सवयीची आहे, असेही वाटते.

आधी त्या पानांत काय होते ते सांगायला हवे. सोलापूरच्या नोंदीत लिहिले होते की सकाळी सव्वासातला स्टँडसमोर पोहे घेऊ नयेत, भजी घ्यावी, कारण त्या वेळी तेल ताजे असते. लातूरला डॉक्टर दोन वाजेपर्यंत रुग्ण तपासतात, म्हणून याचे जेवण अडीचला. तोवर भाकरी संपलेली असते, तेव्हा हट्ट न करता आमटी-भात मागावा. पुण्यात परतल्यावरच्या नोंदी अधिक रेंगाळणाऱ्या होत्या. डेक्कनच्या ‘गुडलक’मध्ये बन-मस्का चहात बुडवायचा असेल तर मस्का कमी सांगावा. ‘वैशाली’तली एसपीडीपी, म्हणजे शेव-पोटॅटो-दही-पुरी, एकट्याने मागवू नये, एकट्याने संपवेपर्यंत शेव मऊ पडते. नारायण पेठेत बेडेकरांच्या मिसळीबरोबर स्लाइस येतो, रस्सा गोडसर, सोलापूरचा आठवडा काढून आलेल्याला पहिला घास फिका लागतो आणि तिसऱ्या घासाला ती मिसळ आपली वाटू लागते.

हे शेवटचे वाक्य आम्ही ‘यादी’ म्हणून कसे वाचले, याचे आज नवल वाटते. घरी परतण्याची संपूर्ण क्रिया त्यात तीन घासांत सांगितली आहे.

आमच्या सूचनेनुसार त्याने लेख पुन्हा लिहिला. आता शीर्षक होते ‘आईच्या हातची चव’. त्यात चूल होती, पुरणपोळी होती, तुपाची धार होती, पापण्यांच्या ओल्या कडा होत्या. आम्ही तो आनंदाने छापला. त्या लेखात त्याचे स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते.

असे का होते? मराठी ललित निबंधाने अन्नासाठी दोनच खोल्या राखून ठेवल्या आहेत. पहिली स्मरणरंजनाची, तिथे आई किंवा आजी वाढते, आणि पदार्थाची गुणवत्ता वाढणाऱ्या हातावर ठरलेली असल्याने चवीविषयी काही निर्णय करण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी विनोदाची. पु. ल. देशपांडे यांच्या ‘हसवणूक’मधला ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख आपण सारे विनोदी लेख म्हणूनच शिकवतो. एकपात्री प्रयोगांच्या निमित्ताने गावोगाव फिरलेल्या एका व्यावसायिकाची ती चोखंदळ जीभ आहे, ही बाजू वर्गात क्वचित निघते. त्याहून मागे जायचे तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आहे. १८५७ साली हा गृहस्थ दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाला होता, म्हणजे शब्दशः कामासाठी फिरतीवर होता. आपण मात्र त्याला बंडाचा साक्षीदार म्हणून वाचतो, आणि जेवणाखाणाचे उल्लेख आले की पान उलटतो.

गंमत अशी, की आपली सारी समीक्षा स्वयंपाकघरातल्या शब्दांवर उभी आहे. रस, रुची, अभिरुची, आस्वाद. आस्वादक समीक्षेवर परीक्षेत सोळा गुणांचा प्रश्न आम्ही विचारतो. पण ज्याला खरोखरच आस्वाद घेता येतो आणि तो कशामुळे आला व कशामुळे हुकला हे सांगता येते, असा कुणी समोर आला की आपण अवघडतो. रूपक चालते; जीभ चालत नाही.

हॉटेलातल्या पदार्थाला बालपणाचा आधार नसतो. तो अनोळखी हाताने, अनोळखी माणसांसाठी, पैसे घेऊन केलेला असतो. म्हणूनच त्याच्याविषयी लिहिताना नुसत्या जिव्हाळ्यावर भागत नाही, पारख लागते. आणि अनोळखी हातचे खाणे ही या शहरात कधीच क्षुल्लक बाब नव्हती. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ धुमसत राहिला. त्या शहरात पुढे इराणी माणसाचा चहा, किनारपट्टीवरून आलेल्या शेट्टींचा डोसा आणि राजस्थानातून आलेल्या कुटुंबांचा ‘अमृततुल्य’ हे सारे ‘पुणेरी’ म्हणून मिरवू लागले. ‘वैशाली’चे जगन्नाथ शेट्टी २०२३ मध्ये निवर्तले तेव्हा पुण्याने घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला. हे अंतर आम्हांला फार मोठे वाटते, आणि त्यातला पुष्कळसा भाग घर सोडून आलेल्या विद्यार्थ्यांनी, नोकरदारांनी आणि फिरत्या माणसांनी कापला आहे. त्यांना पर्याय नव्हता, म्हणून ते आधी जेवले.

अर्थात सर्वांनाच जेवता आले नाही. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेले लहान भीमराव आणि त्यांच्याबरोबरची घरची मुले मसूर स्थानकावर उतरली, बैलगाडीने पुढे निघाली. बरोबर अन्न भरपूर होते, पण रात्री कुणी पाणी दिले नाही म्हणून ती मुले उपाशी झोपली. पुढे नोकरीसाठी बडोद्याला गेलेल्या बाबासाहेबांना पारशी सराईतून बाहेर पडावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधले हे प्रसंग आम्ही आत्मकथनांच्या संदर्भात शिकवतो. पण प्रवासात कुणाला कुठे काय मिळाले, ही साधी नोंदसुद्धा किती जड असू शकते, हे त्यातून दिसते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने २०१५ साली घरच्या अन्नाच्या गोड आठवणींना जो छेद दिला, त्यानंतर तरी ‘आईच्या हातची चव’ हे सर्वांचे एकच समान स्मरण आहे, असे मराठीच्या प्राध्यापकांनी मानू नये.

हल्ली अशा याद्यांचा सुकाळ आहेच, मग त्यांत वेगळे ते काय, असे कुणी म्हणेल. दर तिसऱ्या माणसाच्या फोनमध्ये ‘पुण्यातल्या दहा मिसळी’ असतात. फरक आहे. चित्रफीत काढणारा एकदा जातो. फिरतीवरचा माणूस दर महिन्याला त्याच टेबलाशी येतो. आचारी बदलला, तूर जुनी लागली, वाटी लहान झाली, हे त्याला कळते. एकाच संहितेचे पुनर्वाचन म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, ते हा माणूस ताटासमोर करत असतो. ‘बादशाही’ची वेळ चुकली की चुकली, हे ज्ञान तिथे दोनदा उपाशी परतल्याशिवाय येत नाही.

या प्रकाराच्या मर्यादा आम्हांला दिसत नाहीत असे नाही. त्या चौदा पानांत एकाही आचाऱ्याचे नाव नव्हते. कपबशा विसळणारी पोरे नव्हती. आणि ही सगळी मोकळी भटकंती पुरुषाची होती. आमच्यापैकी एकीला बहिःस्थ परीक्षक म्हणून तालुक्याच्या गावी जावे लागते. एकदा अशाच एका खाणावळीत तिला दर्शनी टेबलावरून उठवून पडद्यामागच्या ‘फॅमिली रूम’मध्ये बसवले गेले. बरोबर फॅमिली नव्हती, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. जेवण उत्तम होते, असे ती आजही सांगते. पण ज्वारीची भाकरी गरम आली की निवलेली, हे आठवत नाही म्हणते. सगळे लक्ष पडद्याकडे होते. ‘कुठे काय खावे’ असे बाई लिहू लागली, तर पहिला रकाना ‘कुठे बसू देतात’ हा असेल. असे लेखन अजून आमच्याकडे आलेले नाही. आले तर ते ‘अनुभूती’ मागून परत करणार नाही, इतके शहाणपण आता आलेले आहे.

गेल्या महिन्यात आम्ही त्या विद्यार्थ्याकडे मूळ टिपणे पुन्हा मागितली. छापलेला लेख नव्हे, ती चौदा पाने. त्याने कसलेही आढेवेढे न घेता त्यांची छायाचित्रे फोनवर पाठवली. मधल्या काळात त्याने पानांवर पुष्कळ काटाकाट केली आहे. काही नावांवर रेघ आणि शेजारी ‘बंद’. काहींपुढे ‘मालकाचा मुलगा बसतो, आमटी पातळ’. सोलापूरच्या भज्यांपुढे नुसतेच प्रश्नचिन्ह. ही काटाकाट तशीच छापायची की स्वच्छ प्रत करून घ्यायची, यावर आम्हां दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही. शेवटच्या पानावर नांदेड आहे. मूळ नोंद अशी: रात्री साडेदहा, लॉजखाली दालखिचडी, न मागता वर लिंबाची फोड. तिच्याखाली वेगळ्या शाईत लिहिले आहे, ‘खिचडीवाल्याने जागा सोडली. वजिराबादेकडे कुठेतरी गाडी लावतो म्हणतात. पुढच्या फेरीत शोधणे.’