जाळी आणि तोटी

पावसाळ्याच्या तोंडावर मुलुंडच्या योगी हिल्सकडे, झाडाखाली उभ्या राहणाऱ्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडा. वायपरखालच्या खाचेत पाला कुजत पडलेला असतो. पाणी निघायची भोकं त्याने बुजतात आणि मग ओल उतरते थेट आतल्या मॅटखाली. खाचेवर स्टीलची जाळी बेतून बसवली, की पाला वरच्यावर उचलता येतो. फार बारीक जाळी नको. एसीचा पंखा तिथूनच हवा ओढतो.

ऑइलचंही तसंच. चेंबरचा बोल्ट दरवेळी पान्याने आवळून आटे जातात. त्याजागी तोटी लावली तर पान्याची गरजच नाही. पण ती खाली लोंबत असेल, तर सोसायटीतला पहिलाच गतिरोधक तिचा निकाल लावेल! लॉक असलेलीच घ्या, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी विचारा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख नोंदणीतले मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे. जाळी-तोटीने आरसीतलं अक्षरही बदलत नाही. या अंकात म्हणून भोंगे, रुंद टायर नाहीत. घरच्या पान्या-पकडीने होणारीच कामं आहेत.