पाहुण्याचे सामान

दिवाळी सरली की बंगळुरूतील मराठी घरांत सहलीचे बेत पक्के होऊ लागतात. शाखेत दागिने लॉकरमध्ये ठेवण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांशी दोन शब्द बोलले की कोण कोठे निघाले आहे, ते सहज कळते. गेल्या काही वर्षांत या उत्तरांमध्ये एक नाव वारंवार ऐकू येते, ते म्हणजे अंदमान. बंगळुरूहून विमानाने काही तासांत तेथे पोहोचता येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तेथील प्रवासासाठी खास सवलत मिळत आली आहे, आणि बँकेतील मंडळीही आपली एलएफसी राखून ठेवून एकदा तरी तेथे जाऊन येण्याची इच्छा बाळगून असतात. मराठी मनाला या बेटांची ओढ केवळ निळ्या समुद्रामुळे वाटते असे नाही. ज्या भूमीला आपले आजोबा ‘काळे पाणी’ म्हणत, तिचे दर्शन घ्यावे ही भावनाही त्यामागे असते.

अशा प्रवासाला निघताना काय न्यावे आणि तेथे पोहोचल्यावर प्रथम काय करावे, याच्या याद्या आज कोठेही मिळतात. तथापि माझ्या मते हा प्रश्न यादीचा नसून नात्याचा आहे. आपण त्या बेटावर गिऱ्हाईक म्हणून जातो की पाहुणा म्हणून, हे एकदा ठरले की बॅगेत काय असावे आणि काय नसावे, ते आपोआप ठरते. आपल्या घरांमध्ये पाहुण्याने पाळावयाचे काही अलिखित नियम आहेत. यजमानावर आपला भार पडू देऊ नये. घरात पाऊल टाकल्यावर आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा. निघताना न विचारता काही उचलून आणू नये. हे तीन नियम अंदमानच्या प्रवासाला तंतोतंत लागू पडतात.

पहिला नियम भाराचा. मराठी प्रवाशाच्या बॅगेतील डब्यांची थट्टा नेहमीच होते. चिवडा, भाजणीची चकली, बेसनाचे लाडू, मेतकूट आणि त्यांच्या जोडीला आमच्या बंगळुरूची कोडबळी व चटणीपुडी असा फराळ बरोबर घेतल्याशिवाय आपले पाऊल घराबाहेर पडत नाही. तरुण मंडळींना ही सवय जुनाट वाटते. मला मात्र अंदमानच्या बाबतीत ती समंजस वाटते. या बेटांपासून चेन्नईचा किनारा सुमारे १२०० किलोमीटर दूर आहे आणि जहाजाला तेथून पोहोचावयास तीनएक दिवस लागतात. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, औषधे, सिमेंट अशा असंख्य वस्तू याच जलमार्गाने येतात. अशा ठिकाणी पाहुण्याने मधल्या वेळचे खाणे बरोबर आणले, तर त्यात कमीपणा कसला?

प्रश्न आहे तो फराळ कशातून न्यावा, याचा. घरचा फराळ स्टीलच्या किंवा जाड पुनर्वापराच्या डब्यातून गेला, तर रिकामा डबा परत येतो. तोच फराळ वीस-पंचवीस छोट्या प्लास्टिक पाकिटांतून नेला, तर ती पाकिटे तेथेच राहतात. बेटावर कचरा टाकावयास दूरची जागा नसते. आज किनाऱ्यावर टाकलेले पाकीट उद्या समुद्रात जाते आणि परवा कोणत्या तरी कासवाच्या पोटात. एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. बेटांवर तर तिचे पालन अधिक काटेकोरपणे व्हावयास हवे. पाण्याची बाटलीही घरूनच न्यावी आणि जेथे पिण्याचे स्वच्छ पाणी मिळेल तेथे ती भरून घ्यावी. आणखी एक गोष्ट गृहिणींनी ध्यानात ठेवावी. सुक्या खोबऱ्यात तेल असल्यामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात नेण्यास मनाई असलेल्या वस्तूंत त्याचा समावेश आहे. खोबऱ्याची वाटी घरीच ठेवलेली बरी.

देशांतर्गत प्रवासात बहुतेक विमान कंपन्या १५ किलो मोठे सामान आणि ७ किलो हातातील सामान नेऊ देतात. या मर्यादेतील मोठा भाग हल्ली छायाचित्रांसाठी नेलेल्या कपड्यांनी व्यापलेला असतो. सकाळी एक, दुपारी दुसरा, सायंकाळी तिसरा, असा पोशाखांचा थाट असतो. उष्ण व दमट हवेत घाम येतो आणि मग त्या कपड्यांची धुलाई ओघानेच येते. श्रीविजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, हे शहर पिण्याच्या पाण्यासाठी प्रामुख्याने धनिखरी धरणावर अवलंबून आहे. पर्यटकांची गर्दी असते त्या कोरड्या महिन्यांतच धरणातील साठा कमी होत जातो आणि शहरातील रहिवाशांना मोजून-मापून पाणी मिळते. चार सुती पोशाख, पूर्ण बाह्यांचा एक सदरा, टोपी, छत्री व समुद्रात चालण्याजोग्या पट्ट्याच्या चपला एवढ्यात सहा दिवस उत्तम निभतात. बादलीभर पाण्यात स्नान उरकणे ही आपली जुनी सवय आहे. ती बेटावर बरोबर नेण्यास कोणतेही वजन लागत नाही.

हातातील सामानात मात्र काटकसर करू नये. आई-वडिलांना बरोबर नेणाऱ्यांना हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे मोठ्या बॅगेत टाकू नयेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत असावीत, आणि प्रवासाच्या दिवसांहून चार दिवस अधिक पुरतील इतकी असावीत. बेटांवरील प्रमुख शासकीय रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, श्रीविजयपुरम येथे आहे. स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) किंवा शहीद द्वीप (पूर्वीचे नील) येथे असताना प्रकृती बिघडली आणि त्याच वेळी हवा बिघडून बोटी थांबल्या, तर पिशवीतील गोळ्यांचाच आधार उरतो. याच कारणासाठी परतीच्या विमानापूर्वी एक दिवस हातचा राखावा. दूरच्या बेटावरून सकाळच्या बोटीने निघून दुपारचे विमान गाठण्याचा हिशेब कागदावर जमतो, समुद्राला तो मान्य असेलच असे नाही.

पैशांविषयीही दोन शब्द लिहितो. चेन्नई ते अंदमान ही समुद्रतळाखालील केबल १० ऑगस्ट २०२० रोजी कार्यान्वित झाली आणि तेव्हापासून तेथील दूरसंपर्क पुष्कळ सुधारला. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय शहरात सर्वत्र दिसते. तरीही लहान बेटांवरील शहाळेवाला, रिक्षावाला, मासळीची खानावळ चालविणारी बाई यांना देण्यासाठी सुट्या नोटा जवळ असाव्यात. नेटवर्क गेले म्हणून यजमानाचे पैसे थकविणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही.

आता दुसरा नियम, घरात शिरल्यावर करावयाच्या नमस्काराचा. अंदमान साधारण ९२ ते ९४ अंश पूर्व रेखांशांदरम्यान आहे आणि आपली प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंशांवरून ठरते. त्यामुळे तेथे सूर्य घड्याळाच्या पुढे धावतो. डिसेंबरात पहाटे पाचनंतर लगेच उजाडते आणि सायंकाळी पाच वाजून गेले की सूर्य मावळतो. जयनगर किंवा मल्लेश्वरममधून मध्यरात्रीच देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे निघालेले कुटुंब तेथे पोहोचते तेव्हा हाती फार तर अर्धा दिवस असतो. तो कोणाला द्यावयाचा?

मराठी माणसांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. थोडी विश्रांती घ्यावयाची, हातपाय धुवावयाचे आणि आधी सेल्युलर जेल गाठावयाचे. समुद्रस्नान, बोटी, शहाळी हे सारे त्यानंतर. हल्ली काही सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत हा क्रम बदलू लागला आहे. विमानतळावरून थेट किनाऱ्यावर जावयाचे आणि जेल ‘वेळ उरल्यास’ शेवटच्या दिवशी पाहावयाचे. सोयीच्या दृष्टीने ते ठीक असेलही, पण माझे स्पष्ट मत आहे की जुना क्रम सोडू नये. जेल पाहून आलेला माणूस त्या समुद्राकडे निराळ्या नजरेने पाहतो. आपल्याला रमणीय दिसणारे हेच पाणी तेथील बंदिवानांना भिंतीहूनही अभेद्य होते, हे त्याला उमगलेले असते.

१८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मूळच्या सात पाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. वर उल्लेखिलेले रुग्णालय याच तुरुंगाच्या जुन्या आवारात आहे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण केली. स्वातंत्र्यवीर सावरकर येथे ४ जुलै १९११ रोजी आले आणि १९२१ मध्ये त्यांना येथून भारतात हलविण्यात आले. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच भिंतींआड होते. सावरकरांच्या गळ्यातील बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० असे लिहिलेले होते. साडेतेरा फूट लांब व सात फूट रुंद कोठडी आणि कोलूला जुंपून दिवसाकाठी खोबऱ्याचे तीस पौंड तेल काढण्याची सक्ती, असे तेथील बंदिवानांचे आयुष्य होते. सुके खोबरे विमानात चालत नाही म्हणून कपाळावर आठ्या घालणाऱ्या आपल्यासारख्या प्रवाशांनी त्या कोलूसमोर क्षणभर उभे राहावे.

मात्र नमस्काराचाही केवळ उपचार होऊ नये. बहुतेक मराठी मंडळी सावरकरांच्या कोठडीपाशी जातात, पादत्राणे काढून माथा टेकवितात, छायाचित्र घेतात आणि दहा मिनिटांत खाली उतरतात. मधल्या मनोऱ्यात बंदिवानांची नावे कोरलेल्या शिला आहेत, तेथे फारसे कोणी थांबत नाही. तेथे बंगालचे आणि पंजाबचे किती तरुण होते, हे पाहून मन थक्क होते. उल्हासकर दत्त यांचे छळाने मानसिक संतुलन ढळले. इंदुभूषण राय यांनी १९१२ मध्ये कोठडीतच जीवनयात्रा संपविली. महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हे १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात मृत्युमुखी पडले. मुलांना बरोबर घेऊन यांपैकी पाच नावे जरी मोठ्याने वाचली, तरी त्या अर्ध्या दिवसाचे सार्थक होईल. आपल्या घरातील वडीलधाऱ्यास नमस्कार करताना शेजारी बसलेल्यांकडे पाठ फिरविणे हे काही आपले संस्कार नव्हेत.

या घराचे यजमान कोण, हेही जाणून घ्यावे. १८५८ मध्ये येथे दंडवसाहत सुरू झाली. त्या कैद्यांचे वंशज, फाळणीनंतर आलेली बंगाली कुटुंबे, तमिळ व तेलुगू व्यापारी, छोटा नागपूरकडून आणलेले श्रमिक, कारेन आणि निकोबारी असे अनेक समाज या बेटांवर नांदत आहेत. त्यांच्या कितीतरी आधीपासून जारवा, ओंगे, ग्रेट अंदमानी व सेंटिनली येथे राहतात. अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव प्रदेशातून जातो. तेथे वाहन थांबविणे, त्यांची छायाचित्रे काढणे, त्यांना खाऊ देणे यास मनाई आहे. घरून आणलेला चिवडा कितीही प्रेमाने पुढे केला, तरी तो तेथे दान ठरत नाही. ज्याने आपल्याला बोलाविलेले नाही, त्याच्या अंगणात डोकावू नये, एवढे तारतम्य पाहुण्यास हवे.

तिसरा नियम परतीच्या बॅगेचा. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा मुलांना हवाहवासा वाटतो. ‘एवढ्याने काय होणार?’ असे म्हणून तो रुमालात गुंडाळला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार प्रवाळांना संरक्षण आहे आणि ते नेणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बँकेत काम करणाऱ्यास यात आपल्या व्यवसायातील एक साधे तत्त्व दिसते. ठेवीचे व्याज उपभोगावे, मुद्दलास हात लावू नये. किनारा, प्रवाळ, जंगल ही त्या बेटवासीयांची मुद्दल आहे आणि आपला आनंद हे तिच्यावरील व्याज आहे. प्रत्येकाने मुद्दलातील एक एक तुकडा उचलला, तर पुढच्या पिढीला ना किनारा उरेल, ना कारेन-बंगाली-तमिळ घरांना त्यावर मिळणारी रोजीरोटी.

काहींचे म्हणणे असे की, वर्षभर कष्ट करून, पैसे साठवून माणूस सुट्टीवर जातो, तेथेही त्याच्यावर नियमांचे ओझे कशासाठी? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. सुट्टी ही आनंदासाठीच असते. परंतु येथे सांगितलेल्या एकाही गोष्टीने आनंद उणा होत नाही. हलकी बॅग उचलताना खांदा दुखत नाही, औषधे हाताशी असली की म्हातारी माणसे निर्धास्त असतात, हातचा दिवस राखला की परतीची धाकधूक राहत नाही. ओझे वाढते ते गिऱ्हाईकाचे, कारण मोजलेल्या प्रत्येक रुपयाची वसुली करण्यात त्याचे सहाही दिवस जातात.

या हंगामात जे वाचक अंदमानला निघणार असतील, त्यांना एवढीच विनंती करावीशी वाटते. बॅगेचे कुलूप लावण्यापूर्वी ती एकदा पुन्हा उघडावी, त्यातील दोन पोशाख आणि सारी प्लास्टिकची पाकिटे बाहेर काढावीत, औषधांची पिशवी हातात घ्यावी आणि पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमात समुद्राच्या आधी जेलचे नाव लिहावे. आपणां सर्वांचा प्रवास सुखरूप होवो!