कवळीच्या पाच फेऱ्या

वरची दाढ काढली की डोळा जातो, ही समजूत आपल्याकडे गावोगाव अजून जिवंत आहे. दंतवैद्य तिला हसतात. पण ती अडाण्यांची नव्हे, ग्रंथातली आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये. रक्त फार जाते, माणूस काणा होतो, तोंड वाकडे होते, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बजावले आहे. कारण चुकीचे होते. ‘उपटण्याची घाई नको’ हा सल्ला मात्र टाकाऊ नाही. महाड-पोलादपूरकडच्या घरात ‘आईला कवळी करावी का?’ असा विषय निघतो, तेव्हा पहिल्यांदा तोच आठवायला हवा.

दात असतो तोवर जबड्याचे हाड त्याच्यासाठी उभे असते. दात गेला की ते झिजू लागते आणि झिजतच राहते. कवळी वापरणाऱ्यांवर 25 वर्षे नजर ठेवून केलेला एक अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला. खालचे हाड वरच्याच्या चौपट झिजलेले आढळले. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालची म्हणजे नुसती घोड्याची नाल, आणि तिच्या मधोमध वळवळणारी जीभ! म्हणून ‘वरची छान बसली, खालची मेली उडते’ ही तक्रार घरोघरची. खालचे दोन सुळे जरी घट्ट असले तरी ते राखावेत, त्यांच्या आधाराने कवळी बसवता येते. ‘सगळे काढून टाका, एकदाच काय ती कवळी करू’ हा हिशेब सोयीचा वाटतो आणि जन्मभर महाग पडतो.

माणसाने कवळीसाठी काय काय केले! जपानात सोळाव्या शतकात लाकूड कोरून कवळ्या केल्या. 1789 साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा वॉशिंग्टन यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत होते, माणसांचेही दात होते. 1815 च्या वॉटर्लूनंतर मेलेल्या सैनिकांचे दात युरोपच्या बाजारात आले. पुढे कडक रबर आले, 1930 च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक आले, आणि कवळी सामान्यांच्या आवाक्यात आली. आपल्याकडे कलकत्त्यात 1920 साली पहिले दंत महाविद्यालय निघाले. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी 1927 साली ओंजळीत घेतले, तेव्हा मुंबईचे नायर दंत महाविद्यालय निघायला अजून सहा वर्षे होती. दंतवैद्यांचा कायदा झाला तो 1948 साली. तोवर खेड्यात दात पाडणारा भेटे, बसवणारा नाही.

आज बसवणारे आहेत. अडते ते अंतरापाशी. पूर्ण कवळीला साधारण पाच फेऱ्या लागतात: पहिले माप, पक्के माप, चाव्याचे माप, मेणात दात लावून ट्रायल, मग कवळी. खरे काम त्यानंतर सुरू होते. नवी कवळी कुठेतरी टोचतेच; तिथे घासून घ्यावी लागते, एकदा नव्हे, दोन-तीनदा. डोंगरातल्या वाडीवरच्या म्हातारीला त्यासाठी एस.टी. पकडून पोलादपूर, तिथून महाड. आषाढात दरडी कोसळत असताना हे कोण करणार? मुलगे मुंबईला. ते आईला पंधरा दिवस नेतात, कवळी करून परत आणून सोडतात. चौथ्या दिवशी हिरडी सोलते आणि कवळी डबीत जाते. पुढे ती निघते लग्नकार्यात, फोटोपुरती.

केंद्राच्या 2017 च्या वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा, चाकाची खुर्ची यांच्या जोडीने कवळीही आहे. हेतू चांगला. पण काठी मंचावरून हातात देता येते, कवळी नाही.

मग कवळी कोणाला करावी? दात सगळे गेले आहेत, हिरडीखाली हाड शिल्लक आहे, तोंड कोरडे पडत नाही आणि घासून घ्यायला येणे जमेल, त्याने खुशाल करावी. घट्ट, एकमेकांवर बसणारे वीसेक दात असतील तर बहुतेकदा काहीच करू नये. जपानने 1989 पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात हेच उद्दिष्ट धरले आहे. मशेरी लावणारीच्या तोंडात पांढरा चट्टा असेल तर कवळीआधी तो तपासून घ्यावा, हे सांगायला आम्ही कचरणार नाही. आणि अपेक्षा बेताची ठेवावी. कवळीची ताकद खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच. पेज, कालवलेली नाचणीची भाकरी यांना तीही लागत नाही. उसळ, शेंगदाणे, सुकी मासळी ताटातून गेली की अंग खंगते, तिथे ती कामाला येते.

तालुक्याला मागायचेच तर कवळीवाटपाचे शिबिर मागू नये. आठवड्यातला एक ठरलेला दिवस मागावा, टोचणारी कवळी पोलादपुरातच घासून मिळण्याचा. आणि माप द्यायला जावे ते भात झोडून झाल्यावर. तेव्हा रस्ते कोरडे असतात, हाताला उसंत असते, आणि शिमग्याला मुंबईकर येईपर्यंत पाचही फेऱ्या होऊन टोचणेही थांबलेले असते.