एका रीडिंगचं इंजिनिअरिंग

फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधलं सगळ्यात पोकळ प्रकरण कुठलं? 'रिझल्ट्स'. आधी चाळीस पानं थिअरी, मग रंगीत थ्री-डी चित्रं आणि शेवटी एक वाक्य: कार्यक्षमता २३ टक्क्यांनी वाढली. किती वेळा मोजलंत? एकदा. तेही सबमिशनच्या आदल्या दिवशी!

समजा, चार पोरांनी हेदवीतल्या एखाद्या घरासाठी आमसुलं सुकवायचा सोलर ड्रायर बनवला. एक दिवस ड्रायरमधली सोलं अंगणातल्या सोलांपेक्षा लवकर सुकली. झालं, प्रोजेक्ट यशस्वी. पण त्या दिवशी अंगणात सावली जास्त होती का? सोलंच पातळ होती का? बामणघळीत एक लाट उंच उसळली म्हणून हेदवीतलं कुणी भरती आली असं ठरवत नाही, चार लाटा बघतं. इंजिनिअर मात्र एका रीडिंगवर ठरवतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, हे प्रोजेक्ट आहे, पीएचडी नाही." अरे, पण लागतं किती? सकाळी सारख्या वजनाची दोन ताटं भरा. कुठलं ड्रायरमध्ये जाणार ते नाणं उडवून ठरवा. संध्याकाळी वजन करा. असं सहा दिवस. ड्रायर निरुपयोगी असेल, तर निव्वळ नशिबाने तो सहाही दिवस जिंकण्याची शक्यता ६४ मध्ये १, म्हणजे दीड टक्का. पाच किंवा जास्त दिवस जिंकण्याची ६४ मध्ये ७, म्हणजे जवळपास ११ टक्के. सहापैकी पाच ऐकायला झकास वाटतं, पण तेवढ्यावर पैज लावू नका. आणि सहाही दिवस जिंकला, पण पाच-पाच ग्रॅमनी, तर तो विकत कोण घेणार? म्हणून फरक किती, हेही लिहा. संपलं स्टॅटिस्टिक्स. वजनकाटा, नाणं आणि एक आठवडा.

गंमत म्हणजे टी-टेस्ट गणिताच्या पेपरात असते. पोरं ती मार्कांसाठी सोडवतात आणि प्रोजेक्टच्या वेळी विसरतात. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने ती १९०८ साली मांडली, तीही अशाच मोजक्या नमुन्यांसाठी. त्याचं टोपणनाव होतं 'स्टुडंट'! आपल्याकडे साताऱ्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी १९५४ साली शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं. शेतीवाल्यांना झेपेल असं त्यांना वाटलं. इंजिनिअरला का झेपू नये?

आणि आपण आयटीवाल्यांनी फार हसू नये. "इंडेक्स टाकला, क्वेरी फास्ट झाली." किती वेळा चालवलीस? एकदा. दुसऱ्यांदा ती कॅशमुळे तशीही फास्ट होणारच होती. कॉलेजची सवय पगारासोबत येते, दुसरं काय.

मार्क पोरांना मिळतात, पैसे ड्रायर घेणाऱ्याचे जातात. म्हणून परीक्षकांनी व्हायवाला एकच प्रश्न विचारावा: किती वेळा मोजलंत? उत्तर 'एकदा' आलं, तर रिपोर्ट परत. बाइंडिंग कितीही सोनेरी असो.