पंचविशीची अट आणि पंधरा वर्षांचा मुलगा

गडचिरोलीहून मूलकडे निघालेल्या प्रवाशाने वैनगंगेचा पूल ओलांडला की केवळ जिल्हा बदलत नाही, दारूविषयीचा कायदाही बदलतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी आलेली बंदी २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठली. ती उठविताना अवैध विक्री, गुन्हे आणि बुडालेला महसूल यांचा हिशेब मांडण्यात आला. तो सर्वस्वी खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्या हिशेबात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कोणता रकाना होता?

हा प्रश्न नुसत्या कळवळ्याचा नव्हे. उंदराच्या आयुष्यातील चौथ्या ते आठव्या आठवड्याचा काळ म्हणजे ढोबळमानाने त्याचे कुमारवय. त्या वयात काही दिवस मद्य द्यावयाचे, काही दिवस थांबावयाचे आणि मग ते पूर्ण बंद करून उंदीर मोठा होऊ द्यावयाचा, असे प्रयोग अमेरिकेत अनेक ठिकाणी झाले आहेत. असे कित्येक उंदीर प्रौढपणी अधिक भेदरट निघाले आणि पाणी व मद्य दोन्ही पुढे ठेवले असता मद्याकडे अधिक वळले. शिकागोतील सुभाष पांडे व त्यांचे सहकारी यांना मेंदूतील भीतीचे नियमन करणाऱ्या भागात एका जनुकाचे कार्य मंदावलेले आढळले. २०२२ साली त्यांनी ते पूर्ववत केले, तेव्हा भेदरटपणा व पिणे दोन्ही उतरले. आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक अस्वस्थ करते. कोवळ्या उंदराला प्रौढाइतकी गुंगी येत नाही, त्याचा तोलही तितका जात नाही. म्हणजे 'पुरे' हा शरीराचा इशाराच त्याला उशिरा मिळतो. आपल्याकडे मात्र 'पोरगा पचवतो हो!' म्हणून त्याचे कौतुक होते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही जाणतो. सर्वच प्रयोगांत पिणे वाढलेले दिसले नाही. उंदराला दारिद्र्य नसते, पिणारा बापही नसतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांत व्यसनाधीनांचे प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. पण त्यात दोष वयाचा किती आणि घराचा किती, हे वेगळे काढता येत नाही. प्रयोगशाळेत ते काढता येते. म्हणूनच हे प्रयोग हसण्यावारी नेऊ नयेत.

गोंड-माडिया समाजाच्या देवकार्यातील मोहाच्या दारूवर आमचा रोख नाही. तो प्रश्न ग्रामसभेचा आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिला बंदीचा व नियमनाचा अधिकारही दिला आहे. आमचा रोख पाऊचवर आणि दुकानावर आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. चंद्रपुरातील दुकानदाराने वयाचा दाखला मागितलाच पाहिजे, आणि बापाची बाटली आणावयास आलेल्या मुलाला रिकाम्या हाती परत पाठविले पाहिजे. ते होते की नाही, हे उत्पादन शुल्क खात्याने साध्या वेषात जाऊन तपासावे.

गडचिरोलीची बंदी उठवावी असा सूर अधूनमधून निघतो. त्याला कान देण्यापूर्वी सरकारने चंद्रपुरातील मुले २०२१ पूर्वी आणि नंतर कोणत्या वयात पहिला घोट घेऊ लागली याची पाहणी करावी, आणि ते आकडे महसुलाच्या आकड्यांशेजारी छापावेत.