दहा महिन्यांचे वर्ष

आमच्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे आणि मी महाविद्यालयात 'विवेकसिंधु' शिकवतो. पण विवेकाचा व्यवहारातला पहिला धडा मला मिळाला तो सौभाग्यवतींकडून.

त्याचे असे झाले. 2023-24 च्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या काही मल्टिस्टेट पतसंस्थांनी ठेवीदारांचे पैसे देणे थांबवले. जादा व्याजाच्या मोहाने ठेवलेले आमचे दोन लाख त्यांतल्या एकीत अडकले. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते, हे ज्ञान मला बंद दारासमोर उभे असताना झाले!

बँकेत दोन लाख उरले होते. मी ठरवले, आता भरवसा फक्त विटांवर. गच्चीवर दोन खोल्या बांधायच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना भाड्याने द्यायच्या. मिस्त्रीचा अंदाज 8 लाख. म्हणजे कर्ज 6 लाख. व्याज 9 टक्के, मुदत 15 वर्षे, हप्ता सुमारे 6,090 रुपये. भाडे 7,000.

"दरमहा नऊशे रुपये नफा!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"अहो, सुटीत मुलं गावी गेली की भाडं कोण देणार?"

तिने वर्ष दहा महिन्यांचे धरले. भाडे 70,000, हप्ते 73,000! घरपट्टी, रंगरंगोटी आणि उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर वेगळेच.

"आणि तूट आली की माझ्या पाटल्यांकडे बघायचं नाही," ती हळूच म्हणाली. मी मान खाली घातली, कारण मी तिकडेच बघत होतो.

शेवटी एकच खोली बांधली. खर्च 4 लाख, कर्ज 2 लाख. हप्ता वर्षाला 24,350 आणि भाडे दहा महिन्यांचे 35,000. दोन खोल्यांचे कर्ज आम्हांला पोसावे लागले असते. ही एक खोली आपले कर्ज आपणच पोसते. वर उरते त्यातून टँकर येतो. अनामत रक्कम आमची नव्हेच, म्हणून ती बँकेत वेगळी. करार 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी आणि नोंदलेला.

पतसंस्थेतले दोन लाख अजून तिथेच आहेत. आज भाडेकरू मुलगा दिवाळीसाठी गावी गेला आहे. खोलीला कुलूप आहे; पण सौ.ने उंबऱ्यावर पणती लावली आहे, आणि या महिन्याचा हप्ता भरलेला आहे.